विमाग्राहकाचे हक्क आणि जबाबदाऱ्या : पालघर व बोईसर-तारापूर

विमा उतरवणारा, ज्याच्या जिवाचा वा मालाचा विमा आहे तो, आणि त्याच्या पश्चात रक्कम मिळणारा वारस किंवा नॉमिनी, हे सारे व्यापक अर्थाने विमाग्राहक होत. पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाण्यातून वेगळा झाला. त्याच्या एकट्या पालघर तालुक्यात तारापूरचे अणुवीज केंद्र (१९६९ पासून), बोईसरची रसायन, औषध, कापड आणि पोलाद कारखान्यांची एमआयडीसी, सातपाटीसारखी मासेमारी बंदरे आणि मनोरवरून जाणारा मुंबई-अहमदाबाद महामार्ग आहे. येथील अनेक विमेदारांनी पॉलिसी स्वतः जाऊन घेतलेली नसते. ती पगारातून कापली जाते, बँक खात्यातून वळती होते किंवा कर्जाबरोबर येते. आपला विमा आहे हेच घरात ठाऊक नसल्याने हक्क बुडतो, आणि या भागात तो अनेकदा असाच बुडतो.

कामगार विमा. महिना २१,००० रुपयांपर्यंत पगार असलेल्या कामगाराच्या पगारातून ०.७५ टक्के कापले जातात आणि मालक ३.२५ टक्के भरतो; हा १९४८ च्या कायद्याने सुरू झालेला राज्य कामगार विमा, म्हणजेच ईएसआयसी. कंत्राटी कामगारही त्यात येतो. कामावर अपघात झाला तर लाभासाठी आधी अमुक दिवस वर्गणी भरलेली असावी अशी अट नाही. पहिल्याच पाळीत भाजलेला कामगारही हक्कदार ठरतो. मालकाने वर्गणी बुडवली म्हणून कामगाराचा लाभ बुडत नाही, महामंडळ ती मालकाकडून वसूल करते. मात्र आपला आयपी (विमाधारक) नंबर मिळाला का, कुटुंबाची नावे चढली का, आधारवरचे आणि कार्डावरचे नाव एकच आहे का, हे कामगाराने स्वतः पाहावे. अपघात कारखान्याच्या अपघात नोंदवहीत लिहून घ्यावा; नंतर सारा दावा त्या एका ओळीवर उभा राहतो. गावी, दूरच्या राज्यात राहणाऱ्या आईवडिलांचे नाव नोंदवायचे राहून गेले, तर त्यांना आपण अवलंबित असल्याचे सिद्ध करण्यासाठी फार खेटे घालावे लागतात.

कारखान्याशेजारचा गावकरी. ११ जानेवारी २०२० रोजी बोईसरजवळ कोळवडे येथील रासायनिक कारखान्यात स्फोट होऊन माणसे मेली. अशा वेळी कामगारांपुरतीच चर्चा होते. परंतु भोपाळच्या वायुदुर्घटनेनंतर आलेल्या सार्वजनिक दायित्व विमा कायद्याने (१९९१) धोकादायक रसायने हाताळणाऱ्या मालकावर बाहेरच्या लोकांसाठी विमा उतरवण्याची सक्ती केली आहे. मृत्यू, इजा किंवा मालमत्तेचे नुकसान झाल्यास गावकऱ्याला मालकाची चूक सिद्ध करावी लागत नाही. अर्ज जिल्हाधिकाऱ्यांकडे, म्हणजे पालघरला कोळगावच्या कचेरीत, अपघातापासून पाच वर्षांच्या आत करायचा. हप्ता न भरता मिळालेला हा हक्क आहे. एमआयडीसीलगतच्या प्रत्येक ग्रामपंचायतीने तो फलकावर लावायला हवा.

बँक खात्यातला विमा. प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेत वर्षाला २० रुपयांत दोन लाखांचे अपघात संरक्षण मिळते, जीवनज्योती विमा योजनेत ४३६ रुपयांत कोणत्याही कारणाने आलेल्या मृत्यूसाठी दोन लाख. दोन्हींचे वर्ष १ जून ते ३१ मे. मेच्या अखेरीस खात्यात पैसे नसले की संरक्षण तुटते. ताडावरून पडणे आणि सर्पदंश हे दोन्ही सुरक्षा योजनेत अपघात धरले जातात, पण त्याला लगेचची रुग्णालयीन नोंद लागते. शेतात साप चावल्यावर भगताकडे नेलेला माणूस दगावला, तर घरच्यांच्या हाती कागदच उरत नाही. म्हणून प्राथमिक आरोग्य केंद्र गाठणे जिवासाठी तर हवेच, दाव्यासाठीही हवे. पासबुकात हप्त्याची नोंद कुठे दिसते, हे बायकोला किंवा मुलाला एकदा दाखवून ठेवावे.

घर. याच जिल्ह्यातील डहाणू-तलासरीत नोव्हेंबर २०१८ पासून धुंदलवाडीच्या आसपास भूकंपाचे धक्क्यांमागून धक्के बसले. एप्रिल २०२१ पासूनच्या भारत गृह रक्षा या प्रमाणित पॉलिसीत भूकंप, वादळ आणि पूर मुळातच समाविष्ट आहेत. अणुकिरणांनी झालेली हानी मात्र घराच्या आणि गाडीच्या पॉलिसींतून वगळलेली असते. तारापूर, चिंचणी, दांडी येथील रहिवाशाने ‘वगळलेल्या बाबी’ हे पान म्हणूनच आधी वाचावे. ती जबाबदारी स्वतंत्र कायद्याने अणुकेंद्र चालवणाऱ्यावर आहे.

मुदती. विमा नियामकाच्या २०२४ च्या नियमांनुसार पॉलिसी हाती आल्यापासून ३० दिवसांत ती न पटल्यास परत करता येते. पॉलिसीचा थोडक्यात गोषवारा देणारे माहितीपत्रक मिळायला हवे, आरोग्य विम्यात ते मागितल्यास आपल्या भाषेत. कॅशलेसला मंजुरी एका तासात, रुग्णालयातून घरी सोडतानाचा अंतिम निर्णय तीन तासांत. चौकशीची गरज नसलेला मृत्युदावा १५ दिवसांत, चौकशीचा ४५ दिवसांत. आयुर्विम्याची पॉलिसी तीन वर्षांनंतर कोणत्याही कारणाने वादात ओढता येत नाही (१९३८ चा विमा कायदा, कलम ४५). आरोग्य विम्यात हीच ढाल सलग ६० महिन्यांनंतर मिळते, सिद्ध झालेली फसवणूक सोडून.

जबाबदाऱ्यांत सर्वांत वरची खरे सांगण्याची. साखर, रक्तदाब, तंबाखू, आधीचे ऑपरेशन, आणि कामाचे खरे स्वरूप. रिॲक्टरवर काम करणाऱ्याच्या अर्जात एजंटाने ‘नोकरी’ एवढेच लिहिले आणि खाली सही झाली, तर त्या अर्धवट माहितीची झळ पुढे घरच्यांना बसू शकते. कोरा अर्ज सही करून देऊ नये. हप्त्यात एजंटाने सूट देणे आणि ग्राहकाने घेणे, दोन्ही कायद्याने निषिद्ध आहे. दाव्याची खबर उशिरा देऊ नये, मूळ बिले जपावीत, नॉमिनी लग्नानंतर बदलावा.

तक्रार. आधी कंपनीकडे लेखी द्यावी आणि पोच घ्यावी. दाद न मिळाल्यास नियामकाचे विमा भरोसा पोर्टल किंवा १५५२५५ हा क्रमांक. महिन्याभरात उत्तर आले नाही किंवा नकार आला, तर एका वर्षाच्या आत विमा लोकपालाकडे जाता येते. पालघर जिल्हा ठाणे कार्यालयाच्या कक्षेत येतो. वकील लागत नाही, फी नाही, ५० लाखांपर्यंतची भरपाई देता येते, आणि निवाडा कंपनीवर बंधनकारक असतो, ग्राहकावर नाही. ग्राहक २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली, तो राहतो त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगाकडेही जाऊ शकतो. पण तेथे किंवा न्यायालयात खटला चालू असताना लोकपाल तक्रार घेत नाहीत, म्हणून क्रम आधी ठरवावा.