थंडीची गर्दी आणि न विचारलेले दुखणे

पनवेलची नगरपालिका 1852 साली स्थापन झाली, म्हणजे 1857 च्या उठावाच्याही आधी. त्याच पनवेलच्या शेजारी असलेले खारघर मात्र अगदी परवापर्यंत ग्रामपंचायतीच्या कारभाराखाली होते. सिडकोने इथे टॉवर उभे केले, रुंद रस्ते काढले. पण पनवेल महानगरपालिका जन्माला आली ती 1 ऑक्टोबर 2016 रोजी, आणि खारघर तिच्यात सामील झाले. घर फ्लॅटचे, कारभार गावचा, अशी ही वाढ झाली. आरोग्याचा विचार करताना हे मुद्दाम सांगावे लागते. कारण दवाखाना कुणी बांधला याइतकाच, त्यावर लक्ष कोण ठेवतो हा प्रश्नही महत्त्वाचा असतो.

हा प्रश्न आपल्याकडे पहिल्यांदा ऐरणीवर आला तो प्लेगच्या वेळी. सप्टेंबर 1896 मध्ये मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासियो व्हिएगस यांनी प्लेगचे रोगी ओळखले. हे व्हिएगस नुसते डॉक्टर नव्हते, ते महापालिकेचे सभासदही होते. गल्लीतला रोगी आणि पालिकेचे सभागृह यांच्यामध्ये एक जाणता माणूस उभा होता, म्हणून निदान बातमी तरी वेळेवर पोहोचली. मुंबईतला प्लेग हा मुख्यतः थंडीचा पाहुणा. डिसेंबर ते मार्च या काळात तो जोर धरी आणि ऊन तापले की ओसरे. पहिल्याच हिवाळ्यात जवळजवळ निम्मे शहर गाव सोडून पळाले. ‘हिवाळ्यात रुग्णालयांवर ताण येतो’ हे वाक्य आज आपण सहज बोलतो. त्या वर्षी त्याचा अर्थ काय होता, याची कल्पना करून पाहा.

4 फेब्रुवारी 1897 रोजी साथरोग कायदा आला. अधिकाऱ्यांना घरात शिरण्याचे, माणसे हलवण्याचे अधिकार मिळाले. पुण्यात रँडसाहेबाच्या हाताखाली सोजीर घरे तपासू लागले, आणि सर्वांत अवघड प्रश्न उभा राहिला तो बायकांचा. त्यांना तपासायचे कुणी? कुठे? पंडिता रमाबाईंनी त्याच वर्षी वर्तमानपत्रात पत्र लिहून, प्लेगच्या रुग्णालयात बायकामुलींच्या अब्रूची काळजी घेतली जात नाही, असे जाहीरपणे सांगितले. सरकारने आरोप फेटाळले. विलायतेत असलेल्या गोपाळ कृष्ण गोखल्यांनी सोजिरांच्या वर्तनाबद्दलच्या तक्रारी तिथे मांडल्या. पण परतल्यावर ज्यांनी पत्रे धाडली होती ते नाव सांगायला तयार होईनात. पुरावा हाती नाही म्हणून गोखल्यांना माफी मागावी लागली.

या प्रकरणाकडे आपण बहुधा राजकारणाच्या अंगाने पाहतो. आरोग्याच्या अंगाने पाहिले तर धडा वेगळा आहे. तक्रार होती, पण ती सुरक्षितपणे नोंदवून घेणारी जागा नव्हती. जिथे बाईने बोलावे अशी व्यवस्थाच नाही, तिथे ‘तक्रार आली नाही’ या वाक्याला काहीच किंमत नसते.

व्यवस्था अजिबात नव्हती असेही नाही. 1886 मध्ये मुंबईत बायकामुलांसाठी कामा रुग्णालय सुरू झाले होते. पेस्तनजी कामांचे दान, सोराबजी बंगाली यांची खटपट आणि विलायतेहून आलेल्या डॉ. इडिथ पीची यांचे नेतृत्व, अशी ती उभारणी. बाईला बाई डॉक्टर मिळावी एवढी साधी मागणी त्यामागे होती. पण कामा रुग्णालयापासून आजपर्यंत स्त्रियांच्या आरोग्यसेवेचा मुख्य रोख बाळंतपणावर राहिला. गरोदर बाईची नोंद होते, बाळाच्या लशीची नोंद होते. मुले मोठी झाली, पाळी जायची वेळ आली, की त्या बाईचे नाव सरकारी वहीतून जणू गळते.

ही गळती किती मोठी असते ते गडचिरोलीने दाखवले. डॉ. राणी बंग यांनी दोन खेड्यांतल्या 650 स्त्रियांची तपासणी केली. 1989 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये त्याचे निष्कर्ष छापून आले. 92 टक्के स्त्रियांना स्त्रीरोगाचा काही ना काही त्रास होता, आणि आधी तपासणी झालेल्या होत्या अवघ्या 8 टक्के. कुणी विचारलेच नव्हते.

विचारणारा नसला की काय होते, याचे सर्वांत दुःखद उदाहरण बीड जिल्ह्यातले. ऊसतोडीचा हंगाम दिवाळीच्या आगेमागे सुरू होतो आणि सगळा हिवाळा चालतो. मुकादमाकडून उचल घेतलेली, नवराबायकोचा मिळून एक कोयता, आणि खाडा झाला की दंड. अशा वेळी पाळीचा त्रास परवडत नाही. ‘पिशवी काढून टाका’ हा सल्ला सोपा वाटू लागतो. 2019 मध्ये नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालील समितीपुढे आलेल्या पाहणीत 82,309 ऊसतोड स्त्रियांपैकी 13,861 जणींचे गर्भाशय काढलेले आढळले. अंडाशयेही काढली गेली तर पाळीनंतरचे सारे बदल एका रात्रीत अंगावर येतात: अंगाची लाही, उडालेली झोप, पुढे ठिसूळ होणारी हाडे. खासगी दवाखान्यांनी ही शस्त्रक्रिया करण्यापूर्वी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी घ्यावी, असा नियम जिल्ह्यात झाला तो इतके सगळे घडून गेल्यावर. 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही अनावश्यक शस्त्रक्रिया रोखण्याच्या मार्गदर्शक सूचना राज्यांनी अमलात आणाव्यात, असे बजावले.

खारघरमध्ये ऊसतोड नाही. पण आपल्याकडे स्त्रियांची पाळी सरासरी 46-47 व्या वर्षी जाते, आणि त्या वयाची बाई इथल्या प्रत्येक सोसायटीत आहे, तशी तिच्या घरी धुणीभांडी करणारीही आहे. डिसेंबर-जानेवारीत बाह्यरुग्ण विभागात खोकला, दमा, तापाची रांग लागते. त्या रांगेत उभी असलेली बाई डॉक्टरांना खोकला सांगते. रात्री घामाने जाग येते, हे सांगायला वेळही नसतो आणि धीरही होत नाही. पाळी पूर्ण थांबून वर्ष उलटल्यावर पुन्हा रक्तस्राव झाला तर ताबडतोब तपासणी हवी, कारण त्यामागे कर्करोग असू शकतो. टाटा स्मारक केंद्राचे कर्करोग संशोधन केंद्र 2002 पासून खारघरमध्ये आहे. पण तिथपर्यंतची पहिली पायरी म्हणजे जवळच्या आरोग्य केंद्रात कुणीतरी विचारणे.

जानेवारी 2026 मध्ये राज्यातील सरकारी रुग्णालयांतून रजोनिवृत्तीसाठी खास क्लिनिक सुरू झाली. त्याच महिन्यात पनवेल महापालिकेची निवडणूक झाली. 2022 मध्ये पहिल्या सभागृहाची मुदत संपल्यापासून तोवर कारभार प्रशासकाकडे होता. सेवा आणि तिच्यावर लक्ष ठेवणारे सभागृह दोन्ही एका वेळी मिळाले, हा योग चांगला आहे. पण योग आपोआप फळत नाही. महाराष्ट्रात 2007 पासून ग्रामीण भागात लोकाधारित देखरेखीचा प्रयोग झाला. गावकऱ्यांनी स्वतः आरोग्य केंद्रांचे गुणपत्रक भरले, जनसुनवाईत अधिकाऱ्यांसमोर ते वाचून दाखवले, आणि कित्येक ठिकाणी औषधे व माणसे हजर झाली. शहरी वस्त्यांसाठी महिला आरोग्य समित्यांची तरतूदही आहे.

तेव्हा आपल्या नगरसेवकाला तीन गोष्टी विचाराव्यात. आपल्या प्रभागाच्या आरोग्य केंद्रात पाळी जाण्याच्या त्रासासाठी ठरलेला दिवस आहे का? थंडीची गर्दी वाढली की तो दिवस रद्द होतो का? आणि बाईने तक्रार केली तर ती तिचे नाव उघड न होता कुठे नोंदली जाते? 1897 मध्ये तिसऱ्या प्रश्नाला उत्तर नव्हते. आज ते मागण्यासाठी निवडून दिलेले सभागृह तरी आपल्यापाशी आहे.