इंग्रजीतील भविष्यकाळ

इंग्रजीतील भविष्यकाळ म्हणजे पुढे घडणारी क्रिया इंग्रजी भाषेत दर्शविणाऱ्या वाक्यरचनांचा समूह होय. मराठीत भविष्यकाळ क्रियापदाच्या प्रत्ययांनी दर्शविला जातो (जाईन, जाशील, जाईल). इंग्रजी क्रियापदास असे प्रत्यय नाहीत. तेथे साहाय्यक क्रियापदे किंवा वर्तमानकाळाची रूपे हे कार्य करतात. त्यामुळे इंग्रजीत स्वतंत्र भविष्यकाळच नाही, असे काही व्याकरणकार मानतात.

प्रमुख रचना

- विल : अंदाज, वचन किंवा बोलतानाच घेतलेला निर्णय. उदा. 'आय विल हेल्प यू.' प्रथमपुरुषी 'शॅल' वापरण्याचा जुना नियम आता शिथिल झाला आहे. 'शॅल' प्रामुख्याने 'शॅल वी गो?' यांसारख्या प्रश्नांत व कायद्याच्या भाषेत आढळतो.
- गोइंग टू : आधी ठरविलेला बेत किंवा समोर दिसणाऱ्या लक्षणांवरून केलेले अनुमान. उदा. आभाळ भरून आल्यावर 'इट इज गोइंग टू रेन.'
- चालू वर्तमानकाळ : निश्चित झालेला कार्यक्रम. उदा. 'वी आर व्हिजिटिंग तुळजापूर टुमॉरो.'
- साधा वर्तमानकाळ : वेळापत्रक. उदा. 'द बस लीव्हज धाराशिव ॲट सिक्स.'

मराठी भाषकांच्या सामान्य चुका

धाराशिव जिल्ह्यासह राज्यभरातील मराठी माध्यमाच्या शाळांत इंग्रजी इ.स. २००० पासून पहिलीपासून शिकविली जाते. विद्यार्थी मराठी वाक्याचे शब्दशः भाषांतर करतात, तेव्हा प्रामुख्याने दोन चुका होतात.

पहिली चूक गौण वाक्यात होते. 'बस येईल तेव्हा मी फोन करीन' या वाक्यात मराठीत दोन्ही क्रियापदे भविष्यकाळी आहेत. इंग्रजीत मात्र 'व्हेन', 'इफ', 'अन्टिल', 'बिफोर' यांनी सुरू होणाऱ्या काळदर्शक व अटदर्शक वाक्यांत सामान्यतः वर्तमानकाळ येतो : 'व्हेन द बस कम्स, आय विल कॉल यू.' येथे 'व्हेन द बस विल कम' अशुद्ध ठरते. परंतु 'बस केव्हा येईल ते मला ठाऊक नाही' या अर्थाने 'आय डोन्ट नो व्हेन द बस विल कम' शुद्ध आहे. कारण तेथे 'व्हेन' अप्रत्यक्ष प्रश्न दर्शवितो.

दुसरी चूक साध्या वर्तमानकाळाची आहे. मराठीत 'मी उद्या येतो' हे रूप सहज भविष्यार्थी वापरले जाते. त्यावरून केलेले 'आय कम टुमॉरो' इंग्रजीत अस्वाभाविक ठरते. तेथे निर्णय किंवा आश्वासन असल्यास 'आय विल कम टुमॉरो' आणि येणे आधीच ठरलेले असल्यास 'आय ॲम कमिंग टुमॉरो' अशी रचना योग्य होय.