पोलादनगरीतील ग्रंथालये आणि त्यांच्या संगीतसभा



ग्रंथालय म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे पहिली कोणती वस्तू येते? पुस्तकांची कपाटे नव्हेत, तर भिंतीवरची ‘शांतता राखा’ ही पाटी! लहानपणी आपण सर्वांनीच त्या पाटीचा धाक घेतलेला आहे. तेव्हा ग्रंथालयाच्या इमारतीतच हजार माणसे बसतील असे संगीत-सभागृह होते, तेथे मोठमोठी वाद्ये वाजत आणि सामान्य माणसाला विनामूल्य प्रवेश मिळे, असे कोणी सांगितले तर चटकन पटणार नाही. परंतु इतिहासात अशी ग्रंथालये होऊन गेली. त्यांतील काही आजही उभी आहेत. त्यांची हकीकत मी आपणांस सांगणार आहे, ती केवळ नवलाची म्हणून नव्हे.

गेल्या वर्षी स्नेहसंमेलनाचे निमंत्रण देण्यासाठी मी माझ्या वर्गातील एका विद्यार्थ्याच्या घरी गेलो होतो. मुलाचे गाणे होते. त्याचे वडील यंत्रमागावर बारा तासांची पाळी करतात. निमंत्रणपत्रिका हातात घेऊन ते म्हणाले, “सर, तिकीट नाही हे खरे, पण वेळ कुठून आणू?” मी काहीतरी उत्तर देऊन निघालो, पण उत्तर माझ्यापाशी नव्हते. पुढे सुट्टीत इतिहासाचे वाचन करताना लक्षात आले की, हाच प्रश्न शंभराहून अधिक वर्षांपूर्वी, सातासमुद्रापलीकडे, पोलादाच्या भट्टीपुढे उभ्या असलेल्या कामगारांपुढेही होता.

अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्यात पिट्सबर्ग हे शहर आहे. शेजारीच नदीपलीकडे अ‍ॅलेगेनी नावाचे दुसरे शहर होते; ते १९०७ मध्ये पिट्सबर्गमध्येच सामील झाले. १८४८ मध्ये स्कॉटलंडमधील एका गरीब विणकराचे कुटुंब पोटासाठी या अ‍ॅलेगेनीत येऊन राहिले. हातमागाचा धंदा यंत्रांनी बुडवला होता. या विणकराचा तेरा वर्षांचा मुलगा कापडाच्या गिरणीत आठवड्याला एक डॉलर वीस सेंट मजुरीवर कामाला लागला. त्याचे नाव अँड्र्यू कार्नेगी.

त्या शहरात कर्नल जेम्स अँडरसन नावाचे एक सद्गृहस्थ राहत. त्यांच्यापाशी सुमारे चारशे पुस्तके होती. दर शनिवारी ते कामकरी मुलांना एकेक पुस्तक घरी न्यायला देत. पुढे या संग्रहाचे रीतसर ग्रंथालय झाले तेव्हा उमेदवारी न करणाऱ्या मुलांकडून वर्षाला दोन डॉलर वर्गणी मागण्यात आली. कार्नेगी तेव्हा तारखात्यात नोकरीला होता. या पोराने वर्तमानपत्राला पत्र लिहून वाद घातला आणि आपला हक्क मिळवला. विद्यार्थी मित्रांनो, एवढे ध्यानात ठेवा : ज्याने पुढे जगभर अडीच हजारांहून अधिक ग्रंथालयांसाठी पैसा दिला, त्याला स्वतःला एकदा ग्रंथालयाच्या दारात अडवण्यात आले होते.

कार्नेगी पुढे पोलादाचा सम्राट झाला. पिट्सबर्गजवळील ब्रॅडॉक येथे १८७५ मध्ये त्याचा पोलादाचा प्रचंड कारखाना सुरू झाला आणि १८८९ मध्ये तेथेच अमेरिकेतील त्याचे पहिले ग्रंथालय उघडले. आपल्याला आश्चर्य वाटेल, पण तळघरात कामगारांसाठी स्नानगृहे होती. भट्टीवरून काजळीने माखून आलेल्या माणसाने आधी अंग धुवावे आणि मग वर जाऊन पुस्तक हाती घ्यावे, अशी ती सोय! १८९३ मध्ये याच इमारतीला जोडून व्यायामशाळा, पोहण्याचा तलाव आणि साडेनऊशेहून अधिक आसनांचे संगीत-सभागृह बांधण्यात आले.

त्याआधीच, १८९० च्या फेब्रुवारीत, अ‍ॅलेगेनी शहराचे ग्रंथालय तयार झाले होते. उद्घाटनाला अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष बेंजामिन हॅरिसन जातीने हजर होते. या इमारतीत एका बाजूला ग्रंथालय आणि दुसऱ्या बाजूला संगीत-सभागृह अशी रचना होती. सभागृहात मोठा ऑर्गन बसवलेला होता. आपल्याकडे संगीत नाटकांत साथीला असे तो पायपेटीचा ऑर्गन आपणांस ठाऊक आहे. हा त्याचा फार थोरला भाऊ समजा. लहानमोठ्या असंख्य नळ्यांतून हवा खेळवून त्यातून स्वर काढतात. बासरीएवढ्या नाजूक आवाजापासून मेघगर्जनेपर्यंत सारे स्वर एकच वादक काढू शकतो. संपूर्ण वाद्यवृंद पोसण्याची ऐपत नसलेल्या गावालाही एका ऑर्गनवर आणि एका वादकावर उत्तम संगीत ऐकवता येई. कार्नेगीला या वाद्याचा एवढा लळा होता की, त्याने पुढे सात हजारांहून अधिक ऑर्गनांसाठी देणग्या दिल्या.

१८९५ च्या नोव्हेंबरात खुद्द पिट्सबर्गमध्ये याहून मोठे ग्रंथालय उघडले. तेथेही पुस्तकांच्या शेजारीच संगीत-सभागृह होते. फ्रेडरिक आर्चर हा इंग्लंडमधून आलेला नामांकित वादक तेथे ऑर्गन वाजवी. आठवड्यातून दोनदा, शनिवारी संध्याकाळी आणि रविवारी दुपारी, विनामूल्य वादन होत असे. १८९६ मध्ये पिट्सबर्गच्या नव्या वाद्यवृंदाची पहिली मैफलही याच सभागृहात झाली आणि तिचे संचालन आर्चरनेच केले. १९०१ मध्ये तो वारला. पण परंपरा खंडित झाली नाही. चार्ल्स हाइनरोथ याने १९०७ पासून १९३२ पर्यंत आणि मार्शल बिडवेल याने १९३२ पासून १९६६ पर्यंत ही गादी चालवली. सत्तर वर्षांच्या या काळात आजोबा, मुलगा आणि नातू अशा तीन पिढ्यांचे कान तेथे तयार झाले असतील. ज्याच्या घरी वाद्य नाही, ज्याला तिकीट परवडत नाही, त्याच्या मुलाला उत्तम संगीत म्हणजे काय हे अशाच ठिकाणी कळते.

येथवरची हकीकत ऐकून आपण म्हणाल, किती थोर दाता! परंतु इतिहासाच्या शिक्षकाने नाण्याची दुसरी बाजू झाकून ठेवणे बरे नव्हे.

ब्रॅडॉकपासून जवळच, मोनोंगाहेला नदीच्या काठी, होमस्टेड हे गाव आहे. तेथेही कार्नेगीचा कारखाना होता. १८९२ मध्ये कंपनीने वेतनकपात पुढे केली आणि कामगार संघटनेशी नवा करार करण्याचे नाकारले. कारखान्याला टाळे लागले. कार्नेगी त्या वेळी स्कॉटलंडमध्ये होता आणि सारा कारभार त्याचा भागीदार हेन्री फ्रिक याच्या हाती होता. फ्रिकने पिंकर्टन कंपनीचे सुमारे तीनशे सशस्त्र रखवालदार नदीतून पडावांत बसवून आणले. ६ जुलै १८९२ रोजी काठावर चकमक उडाली. दोन्ही बाजूंची मिळून निदान दहा माणसे प्राणास मुकली. पुढे राज्याचे सैन्य आले, संप मोडला आणि संघटनाही मोडली.

याच होमस्टेडच्या टेकडीवर सहा वर्षांनी, १८९८ मध्ये, कार्नेगीने भव्य ग्रंथालय बांधून दिले. मधोमध ग्रंथसंग्रह, एका अंगाला सुमारे हजार आसनांचे संगीत-सभागृह, दुसऱ्या अंगाला व्यायामशाळा आणि पोहण्याचा तलाव. खाली नदीकाठी भट्ट्या पेटलेल्या आणि वर टेकडीवर संगीताचे मंदिर! पण भट्टीवरचा माणूस वर येणार केव्हा? संघटना मोडल्यानंतर बारा तासांची पाळी रूढ झाली होती. अनेकांना रविवारही मोकळा नसे. दिवसपाळीची रात्रपाळी होताना तर सलग चोवीस तास काम करावे लागे. १९१० मध्ये जॉन फिच आणि मार्गारेट बायिंग्टन यांची पोलाद-कामगारांच्या जीवनावरील दोन पुस्तके प्रसिद्ध झाली. बारा तासांच्या पाळीने माणसाचा घरसंसार आणि मोकळा वेळ कसा गिळून टाकला होता, याचे चित्र त्यांत आहे. ही बारा तासांची पाळी पोलादाच्या मोठ्या कंपनीने अखेर सोडली ती १९२३ मध्ये, म्हणजे होमस्टेडचे सभागृह उघडल्यावर पंचवीस वर्षांनी!

त्यामुळे कार्नेगीच्या देणग्यांबद्दल कामगारांच्या मनात सल राहिली. आमच्या घामाचा पैसा मजुरीत द्या, आम्ही आमची पुस्तके आणि आमचे गाणे स्वतः आणू, असा त्यांचा रोख होता. वेस्ट व्हर्जिनियातील व्हीलिंग या गावच्या मतदारांनी तर १९०४ मध्ये कार्नेगीचे ग्रंथालय साफ नाकारले. मला वाटते, त्यांचा राग खोटा नव्हता. दान कितीही मोठे असले तरी ते न्यायाची जागा घेऊ शकत नाही. विनामूल्य मैफलीचे खरे तिकीट म्हणजे कामगाराचा मोकळा वेळ. आणि ते तिकीट कार्नेगीने दिले नव्हते.

मग हा सारा खटाटोप व्यर्थ होता काय? तसेही म्हणता येत नाही. याचे उत्तर पुढच्या इतिहासात आहे, आणि आपल्यासारख्या संस्था चालवणाऱ्या समाजाने तो विशेष लक्षपूर्वक वाचण्याजोगा आहे.

अ‍ॅलेगेनीला देणगी देताना कार्नेगीने एक अट घातली होती : इमारत मी देतो, पण ती चालवण्याचा खर्च दरवर्षी शहराने आपल्या तिजोरीतून केला पाहिजे. पुढे त्याचा नियमच ठरला. जेवढी देणगी, तिच्या दहावा हिस्सा रक्कम गावाने दरसाल ग्रंथालयासाठी काढायची. गिरण्यांच्या गावांत मात्र त्याने वेगळे केले. १९०१ मध्ये कारखाने विकून निवृत्त होताना त्याने ब्रॅडॉक, होमस्टेड आणि ड्युकेन या तीन गावांच्या ग्रंथालयांसाठी दहा लाख डॉलरांचा कायम निधी ठेवला. आपल्याकडच्या वक्फाप्रमाणे मूळ रक्कम राखून ठेवायची आणि उत्पन्नावर संस्था चालवायची, असा हा प्रकार.

तिन्ही गावांना एकाच दात्याचा निधी. तिन्ही ठिकाणी ग्रंथालयही होते आणि संगीत-सभागृहही. पण पुढे काय झाले पाहा. ड्युकेनचे ग्रंथालय १९६८ मध्ये पाडून टाकण्यात आले. ब्रॅडॉकमध्ये पोलादाच्या धंद्याला उतरती कळा लागली. एके काळी वीस हजारांहून अधिक वस्ती असलेले ते गाव २०२० च्या शिरगणतीत दोन हजारांच्याही खाली आले. तेथील ग्रंथालयाला १९७४ मध्ये कुलूप लागले. परंतु तेथील अखेरचे ग्रंथपाल आणि काही इतिहासप्रेमी नागरिक यांनी इमारत पाडू दिली नाही. आणि १९८३ मध्ये तिचा एक भाग पुन्हा उघडला. प्रथम उघडला तो मुलांचा विभाग!

आणि होमस्टेड? तेथील कारखाना १९८६ मध्ये कायमचा बंद पडला. ज्या भट्ट्यांच्या पैशातून ते सभागृह उभे राहिले, त्या विझल्या. पण टेकडीवरचे ग्रंथालय उभे राहिले, आणि त्याच्या संगीत-सभागृहात आजही मैफली होतात. अ‍ॅलेगेनीच्या सभागृहाचे नाट्यगृह झाले. २००६ मध्ये त्या इमारतीवर वीज कोसळली, तेव्हा ग्रंथसंग्रह दुसरीकडे हलवावा लागला आणि २००९ मध्ये नवीन वास्तूत गेला. पण जुन्या सभागृहात प्रयोग चालूच राहिले.

वाचकहो, एका दात्याच्या तीन वास्तूंचे असे तीन निरनिराळे भवितव्य का झाले? कारणे अनेक असतील. पण मला त्यात एक धागा स्पष्ट दिसतो. इमारत पैशाने उभी राहते. ती टिकते मात्र, ‘ही आपली आहे’ असे म्हणून तिच्यासाठी झटणाऱ्या माणसांमुळे. ब्रॅडॉकच्या नागरिकांनी कुलूप उघडले तेव्हा ते ग्रंथालय कार्नेगीचे राहिले नाही. ते खऱ्या अर्थाने गावाचे झाले. दात्याचे नाव दगडावर कोरलेले असते, पण छप्पर गळू लागले की दगडावरचे नाव उपयोगी पडत नाही.

आपणही सभागृहे बांधतो, देणगीदारांच्या पाट्या लावतो, संमेलने भरवतो. त्यांबरोबरच दोन प्रश्न आपण स्वतःला विचारले पाहिजेत. पहिला, या वास्तूचा दरवर्षीचा भार कोण उचलणार? आणि दुसरा, ज्यांच्यासाठी ती बांधली त्यांना येता येईल अशी वेळ आपण ठेवली आहे काय?

दुसऱ्या प्रश्नापुरते तरी काही करणे माझ्या हाती आहे, असे मला वाटले. येत्या संमेलनाचा गायनाचा भाग रात्रीऐवजी यंत्रमाग बंद असतात त्या सुट्टीच्या दिवशी सकाळी ठेवावा, अशी विनंती मी मुख्याध्यापकांना केली आहे. ती मान्य झाली तर पहिली निमंत्रणपत्रिका कोणाच्या घरी द्यायची, हे मी ठरवून ठेवले आहे.