ड्युअल बेरेट्टा

काउंटर-स्ट्राइक या सांघिक नेमबाजीच्या व्हिडिओ गेममधील पिस्तुलांची जोडी. खेळाडू हिला ‘ड्युअल्स’ म्हणतात. पुणे-पिंपरीच्या सायबर कॅफेंत १.६ ही आवृत्ती खेळलेली पिढी तिला ‘एलिट’ म्हणून ओळखते. स्पर्धेच्या प्रकारात पाच-पाच जणांचे दोन संघ फेऱ्या लढतात आणि प्रत्येक फेरीआधी हाती असलेल्या पैशांतून शस्त्रे घेतात. दोन्ही हातांत पिस्तूल म्हणजे दुप्पट मारा, असा नवख्याचा समज होतो. पण ही जोडी डावी-उजवी अशी आलटून-पालटून झडते, एका क्लिकला एकच गोळी सुटते. तिचे खरे मोल गोळ्यांच्या साठ्यात आहे, आणि त्याहून अधिक संघाच्या खर्चात.

याचा पुरावा फेरीआधीच्या या शस्त्रखरेदीतच मिळतो. काउंटर-स्ट्राइक : ग्लोबल ऑफेन्सिव्हच्या अखेरच्या काळात आणि २०२३ साली आलेल्या काउंटर-स्ट्राइक २ मध्ये ड्युअल्स ३०० डॉलरला मिळतात, पी२५० हे एकहाती पिस्तूलही तेवढ्यालाच. दोन्हींच्या गोळीचा मूळ आघात ३८. फरक असा, की पी२५० तेरा गोळ्यांनंतर रिकामे होते आणि ड्युअल्स तीस गोळ्यांनंतर. बेरेट्टाच्या ९२ या मॉडेलच्या मॅगझीनमध्ये पंधरा गोळ्या बसतात, त्याची ही दुप्पट. झडण्याचा वेग मात्र जेमतेम सव्वापट. पहिल्या फेरीत प्रत्येकाकडे ८०० डॉलर असतात. १.६ मध्ये या जोडीची किंमतच ८०० होती, ती दोन संघांपैकी फक्त टेररिस्ट संघाला घेता येई, आणि घेतली की हातात काही उरत नसे. ३०० झाल्यावर ५०० उरले : एक स्मोक ३००ला, एक फ्लॅश २००ला. आता ड्युअल्स घेणारी व्यक्तीच साथीदारांसाठी धूर टाकते, समोरच्याचे डोळे दिपवते आणि तीस गोळ्यांच्या जोरावर वाट अडवून धरते. शस्त्राचे गुण तेच ठेवून केवळ किंमत उतरवली असती, तरी या फेरीतले त्याचे स्थान बदलले असते.

यावर पहिला आक्षेप असा, की हा सगळा हाँगकाँगच्या सिनेमातला देखावा आहे, प्रत्यक्षात दोन पिस्तुलांनी नेम धरता येत नाही. आक्षेपाचा उत्तरार्ध खरा आहे, कारण डोळा एका वेळी एकाच साइटवर टिकतो. पण गेमने तो दोष लपवलेला नाही : दोन मॅगझीन बदलायची म्हणून रीलोडला पी२५०पेक्षा बराच जास्त वेळ जातो आणि लांबचा नेम बेभरवशाचा असतो. दुसरा आक्षेप आपल्या मातीतला आहे. मर्दानी खेळात दोन्ही हातांत दांडपट्टा फिरवणारे आजही दिसतात, आणि २०२४ च्या शिवजयंतीला दांडपट्टा महाराष्ट्राचे राज्यशस्त्र म्हणून जाहीर झाला. मग दुहाती शस्त्राचे बळ नाकारायचे कसे? ते नाकारायचे कारणच नाही. पट्ट्याला नेम लागत नाही. मूठ थेट लोखंडी खोळीत जाते, मनगट बांधले जाते आणि घाव खांद्या-कोपरातून फिरतो. एक पाते वार करत असताना दुसरे वाट राखते. म्हणजे दोन्ही पाती खरोखर एकाच वेळी कामाला लागतात. त्यासाठी भोवती मोकळे रिंगण हवे, नाहीतर घाव शेजारच्या मावळ्यालाच बसायचा. चौफेर वेढलेल्या एकट्याचे ते शस्त्र आहे. ड्युअल्सचा वापर नेमका उलटा : अरुंद दारात, मागे चौघे साथीदार असताना.

तिसरा आक्षेप सर्वांत वजनदार. दुसऱ्या-तिसऱ्या फेरीत समोरच्याकडे हेल्मेट येते, एका गोळीत काम भागत नाही, आणि रायफलपुढे ही जोडी तोकडी पडते. हे मान्यच करावे लागते. पण पहिल्या फेरीत हेल्मेट कुणालाच परवडत नाही, कारण चिलखतासह त्याची किंमत हजार डॉलर. जवळून डोक्यात बसलेली एक गोळी तेव्हा पुरते. पुढे ड्युअल्सचा उपयोग उरतो तो पैसे वाचवण्याच्या इको फेरीत, जेव्हा पाचही जण स्वस्तात लढून पुढच्या फेरीच्या रायफलींची तजवीज करत असतात.