बोर्ड बदलला आणि खेळ मंदावला

गेल्या दिवाळीत पोफळीला बहिणीकडे गेलो होतो. भाचा अकरावीत आहे. पावसाळ्यात एका रात्री वीज कडाडली आणि त्याच्या संगणकाचा मदरबोर्ड निकामी झाला. नवा बोर्ड बसवून आणला, जुन्यापेक्षा महागाचा. प्रोसेसर तोच, मेमरीच्या दोन्ही पट्ट्या त्याच, डिस्कही तीच. पण पूर्वी सुरळीत चालणारा मोटार-शर्यतीचा खेळ आता अडखळू लागला. दुकानदाराने सल्ला दिला, वेगळे ग्राफिक्स कार्ड घ्या. त्याची किंमत ऐकून बहीण गप्पच झाली.

"मामा, बोर्ड म्हणजे तारा छापलेली पाटीच ना? हिशेब तर प्रोसेसर करतो. मग पाटी बदलून खेळ कसा मंदावेल?"

प्रश्न अगदी योग्य होता. आणि त्याचे अर्धे उत्तर त्याच्या गावाच्या पोटातच होते. सह्याद्रीपलीकडच्या कोयना जलाशयाचे पाणी डोंगरातून बोगद्याने येते, उभ्या उतारावरून खाली कोसळते आणि पोफळीच्या भूमिगत वीजगृहातली टर्बाइने फिरवते. 1960च्या दशकापासून हे चालू आहे. पहिल्या दोन टप्प्यांची मिळून क्षमता 600 मेगावॉट. उद्या तिथे दुप्पट ताकदीची टर्बाइने बसवली, तरी बोगद्यातून येते तेवढ्याच पाण्यावर ती चालणार. संगणकात प्रोसेसर म्हणजे टर्बाइन आणि मदरबोर्ड म्हणजे बोगदा. मदरबोर्डचा इतिहास हा बराचसा या बोगद्यात नेमकी अडचण कुठे आहे, ते शोधण्याचा इतिहास आहे.

1981 साली आयबीएमचा पीसी आला, तेव्हा अडचण फारशी जाणवत नव्हती. प्रोसेसर 4.77 मेगाहर्ट्झचा आणि जोडपत्त्यांचा मार्गही त्याच चालीने धावणारा. काही खेळ तर याच वेगाचा हिशेब धरून लिहिलेले. पुढे यंत्रे वेगवान झाली, तेव्हा हे खेळ इतके भरधाव पळू लागले की खेळणाऱ्याला हात हलवायला फुरसत मिळेना. म्हणून संगणकाच्या दर्शनी भागावर 'टर्बो' नावाचे बटन आले. नाव टर्बो, पण त्याचा खरा उपयोग यंत्राची चाल कमी करण्यासाठी!

1984 च्या पीसी-एटीपासून जोडपत्त्यांचा मार्ग 16 बिटांचा झाला आणि लवकरच 8 मेगाहर्ट्झच्या आसपास स्थिरावला. प्रोसेसर मात्र 33 मेगाहर्ट्झवर जाऊन पोचले. 1993 च्या डिसेंबरात 'डूम' हा खेळ आला, तेव्हा ही तफावत लाखो लोकांच्या नजरेस आली. त्याचे चित्र 320 गुणिले 200, म्हणजे 64,000 ठिपक्यांचे. प्रत्येक ठिपक्याला एक बाइट आणि सेकंदाला जास्तीत जास्त 35 चित्रे. गुणाकार केला की सेकंदाला सुमारे 22 लाख बाइट होतात. (आठवी-नववीच्या वर्गात हे गणित जरूर घालावे.) जुना मार्ग कागदावर सेकंदाला 80 लाख बाइट वाहून नेई, प्रत्यक्षात त्याहून बरेच कमी, आणि त्यातच ध्वनीची व इतर पत्त्यांची ये-जा. प्रोसेसर तोच ठेवून नव्या जलद मार्गाचा बोर्ड व कार्ड घेतले की खेळ सुधारे.

याच काळात फसवणुकीचा एक प्रकारही घडला. 486 च्या बोर्डांवर प्रोसेसरशेजारी 'कॅश' नावाची छोटी जलद मेमरी असे. काही स्वस्त बोर्डांवर त्या जागी नुसते काळे प्लॅस्टिक होते, आत सिलिकॉनच नाही. आणि संगणक सुरू करणारा प्रोग्राम मात्र पडद्यावर कॅश असल्याचे छापत असे. ज्यांनी वेग स्वतः मोजून पाहिला, त्यांनाच ही लबाडी उमगली.

पुढे 1997 पासून ग्राफिक्स कार्डासाठी एजीपी हा स्वतंत्र मार्ग आला. वडोदऱ्यात शिकलेले अजय भट्ट यांचा त्यात आणि नंतरच्या पीसीआय एक्सप्रेसमध्ये वाटा आहे. आधीच्या पीसीआयची क्षमता सेकंदाला 133 मेगाबाइट, एजीपीची सुरुवातच 266 पासून. पण विंडोज 98 च्या यंत्रात बोर्ड बदलला आणि त्याच्या चिपसेटचा ड्रायव्हर चढवायचा राहिला, की एजीपी कार्ड साध्या पीसीआय कार्डासारखे वागू शके. रस्ता बांधलेला, पण फाटक बंद! आजही काही बोर्डांवर लांबलचक खाच दिसते, पण तिच्यात सोळाऐवजी चारच मार्गिका जोडलेल्या असतात.

2003 साली एएमडीच्या अ‍ॅथलॉन 64 मध्ये मेमरीचा नियंत्रक प्रोसेसरच्या आतच गेला. इंटेलने 2008 मध्ये तोच रस्ता धरला. तेव्हापासून मेमरीच्या बाबतीत बोर्डाकडे मुख्यतः दोन कामे उरली: तारा नीट नेणे आणि सुरुवातीचा वेग ठरवणे.

भाच्याच्या यंत्रात घोटाळा असला तर इथेच, असा मला संशय होता. आधी तापमान पाहिले, कारण बोर्ड बदलताना पंखा काढून पुन्हा बसवावा लागतो, आणि तो नीट टेकला नाही तर तापलेला प्रोसेसर आपणहून मंदावतो. ते ठीक होते. मग टास्क मॅनेजरमध्ये मेमरीचा वेग पाहिला: 2133. पट्टीवर तर 3200 छापलेले. या पट्ट्या स्वतःहून जपून चालतात. छापलेला वेग हवा असेल तर बोर्डाच्या सेटिंगमध्ये तसे सांगावे लागते. ते सेटिंग पट्टीत नव्हे, बोर्डात राहते. जुन्या बोर्डावर कोणीतरी ते एकदा केले होते, आणि बोर्डाबरोबर तेही गेले.

झाकण उघडल्यावर दुसरा दोष दिसला. जुन्या बोर्डावर दोनच खाचा होत्या, नव्यावर चार. दोन्ही पट्ट्या शेजारीशेजारी बसवलेल्या, म्हणजे एकाच मार्गावर; दुसरा मार्ग मोकळाच. बोर्डाच्या पुस्तिकेत एक खाच सोडून पट्टी बसवा, असे चित्रच होते.

भाच्याने वहीवर हिशेब मांडला. एका मार्गावर एका वेळी 8 बाइट. 2133 गुणिले 8, म्हणजे सेकंदाला सुमारे 17,000 मेगाबाइट. दोन मार्ग आणि 3200 चा वेग धरला तर 51,200. तिप्पट! त्याच्या यंत्रात चित्रे काढणारा भाग प्रोसेसरच्याच पोटात आहे. त्याला स्वतःची मेमरी नाही, तो याच मेमरीवर जगतो, म्हणून त्याला याचा फटका सर्वांत जास्त.

पट्टी एक खाच पुढे सरकवली, सेटिंग बदलले. खेळ काही तिप्पट झाला नाही. तसा होतही नसतो, कारण बोगदा रुंद झाला की मर्यादा टर्बाइनवर येते. पण अडखळणे थांबले आणि ग्राफिक्स कार्डाचा खर्च टळला. मी निघालो तेव्हा भाचा मुख्याध्यापकांना अर्ज लिहीत होता. कॉलेजच्या संगणक कक्षातल्या यंत्रांची झाकणे उघडून पट्ट्या कुठे बसवल्या आहेत, ते पाहायची त्याला परवानगी हवी होती.