एन्फील्ड रायफलीची हकीकत

शाळेच्या इतिहासात एक प्रश्न ठरलेला असतो. १८५७ च्या उठावाचे तात्कालिक कारण कोणते? मुले उत्तर लिहितात, ‘चरबी लावलेली काडतुसे’, आणि गुरुजी त्यावर खूण करून पुढे जातात. उत्तर चूक नाही. पण ते काडतूस ज्या बंदुकीसाठी केले होते ती बंदूक कसली होती, लढाईत ती कोणाच्या हाती होती, आणि उठाव मोडल्यावर सरकारने तिचे काय केले, हे सहसा कोणी विचारीत नाही. आज त्या बंदुकीचीच हकीकत सांगायची आहे.

कंपनी सरकारच्या शिपायाजवळ तोवर जी बंदूक असे, तिला गोरे लोक ‘ब्राउन बेस’ म्हणत. ती ठासणीची बंदूक. तोंडातून दारू ओतायची, वर गोळी टाकायची, गजाने ठासायचे आणि मग बार काढायचा. नळी आतून गुळगुळीत आणि गोळी तिच्यात सैल बसे. त्यामुळे बार झाला की गोळी नळीत इकडेतिकडे आपटत बाहेर पडे आणि वाट फुटेल तिकडे जाई. शंभर वारांच्या पलीकडे एका माणसावर नेम धरण्यात अर्थ नसे. म्हणून तर पलटणी खांद्याला खांदा लावून उभ्या राहत, एकदम बार काढीत आणि मग संगिनी रोखून धावून जात.

आता भोवरा पाहा. फिरत असतो तोवर तो आरीवर ताठ उभा राहतो. गती संपली की कलंडतो. गोळीचेही तसेच आहे. तिला स्वतःभोवती गरगर फिरवून सोडली तर ती सरळ जाते. त्यासाठी नळीच्या आत पेचदार आटे पाडतात. ज्या बंदुकीला असे आटे असतात ती रायफल. ही युक्ती फार जुनी होती, पण तिच्यात एक अडचण असे. आटे धरायला गोळी घट्ट बसली पाहिजे, आणि घट्ट गोळी तोंडातून खाली ठोकीत न्यायची म्हणजे वेळ फार जाई. रणात तेवढी सवड कुठली?

ही अडचण १८४९ च्या सुमारास मिनिए नावाच्या फ्रेंच कॅप्टनने सोडवली. त्याने गोळी लांबट केली आणि तिचे बूड पोकळ ठेवले. अशी गोळी नळीत सहज उतरते. बार झाला की दारूच्या दाबाने शिशाचे बूड फुगते आणि आट्यांत घट्ट बसते. याच तत्त्वावर इंग्रजांनी १८५३ साली लंडनजवळच्या एन्फील्ड येथील कारखान्यात नवी रायफल ठरवली. नळीचे भोक ०.५७७ इंच, आत तीन आटे, वजन सुमारे साडेनऊ पौंड, म्हणजे सव्वाचार किलो. नेम धरण्याच्या पट्टीवर नऊशे वारांपर्यंत खुणा होत्या. तयार शिपाई मिनिटाला तीन बार काढी आणि तीनशे वारांवरचा माणूस आता सुरक्षित राहिला नव्हता. अशा गोळीचा प्रताप क्रिमियाच्या युद्धात दिसून आला होता. ५ नोव्हेंबर १८५४ रोजी इंकरमन येथे मिनिए रायफली घेतलेल्या इंग्रजांनी, संख्येने कितीतरी मोठ्या असलेल्या रशियन फौजेला रोखून धरले. रशियनांच्या बहुतेक बंदुका गुळगुळीत नळीच्या होत्या.

एन्फील्डचे काडतूस म्हणजे कागदाची एक पुंगळी. आत मोजून घातलेली दारू आणि गोळी. शिपायाने पुंगळीचे टोक दाताने तोडायचे, दारू नळीत ओतायची आणि गोळी कागदासकट आत सारायची. ती सरकावी म्हणून गोळीकडच्या भागाला चरबी आणि मेण यांचा लेप असे. चरबी कोणत्या जनावराची, याची काळजी कलकत्त्याच्या कोठारात कोणी घेतली नव्हती. अशी काडतुसे १८५३ साली हवेच्या परीक्षेसाठी हिंदुस्थानात आली, तेव्हा कर्नल टकर या लष्करी अधिकाऱ्याने लेखी इशारा दिला होता, की चरबी निर्दोष असल्याची खात्री झाल्याखेरीज ती देशी शिपायांना देऊ नयेत. तो कागद दप्तरात राहिला.

जानेवारी १८५७ मध्ये कलकत्त्याजवळ डमडम येथे रायफलीचे शिक्षण सुरू होते. तेथील एका खलाशाने ब्राह्मण शिपायाकडे पाण्यासाठी लोटा मागितला. शिपायाने जातीचे कारण सांगून तो नाकारला, तेव्हा खलाशी म्हणाला, की थोड्याच दिवसांत तुम्हांला गाईची आणि डुकराची चरबी दाताने तोडावी लागेल, मग कुठली जात नि कुठले काय! हा वृत्तांत सरकारी कागदांत नमूद आहे. सरकारने लगोलग सवलत दिली. लेप शिपायांनी स्वतः करावा, पुढे तर काडतूस दाताऐवजी हाताने तोडावे, असे ठरले. पण विश्वास एकदा उडाला म्हणजे सवलतीचाही संशय येतो. सरकार एवढे नमते घेते, त्या अर्थी गोष्ट खरीच असणार, असे शिपाई म्हणू लागले.

आणि येथे एक गोष्ट गुरुजींनी मुलांना जरूर सांगावी. २६ फेब्रुवारीला बऱ्हाणपूर नव्हे, बंगालमधील बहरामपूर येथे एकोणिसाव्या पलटणीने जी काडतुसे नाकारली, ती एन्फील्डची नव्हतीच; ती जुन्या बंदुकीची होती. २४ एप्रिलला मीरतच्या नव्वद स्वारांपैकी पंचाऐंशी जणांनी नाकारलेली काडतुसेही जुन्याच तऱ्हेची होती. त्या स्वारांना सक्तमजुरीच्या शिक्षा झाल्या, ९ मे रोजी सर्व फौजेसमोर पायांत बेड्या ठोकल्या गेल्या, आणि १० मेला मीरत पेटले. अयोध्येचे राज्य खालसा झालेले, समुद्रापार जाण्याची अट नव्या शिपायांवर लादलेली, संस्थानांचे वारसाहक्क नाकारलेले. या सगळ्याचा दाह साठून होता, म्हणून एका कागदाच्या पुंगळीने तो भडकला.

आता लढायांकडे वळू. ज्या शिपायांनी काडतूस नाकारले त्यांच्या हाती जुनीच बंदूक राहिली, आणि नवी रायफल गोऱ्या पलटणींच्या हाती. मेच्या अखेरीस हिंडन नदीकाठी आणि जूनमध्ये दिल्लीच्या वाटेवर बादली-की-सराय येथे साठाव्या रायफल पलटणीने तिचा उपयोग केला. १२ जुलै १८५७ रोजी फत्तेपूर येथे नानासाहेब पेशव्यांच्या फौजेची हॅवलॉकशी गाठ पडली. आपली गोळी जेथवर पोचत नाही, तेथून शत्रूची गोळी आपल्या माणसांना लागते आहे, हे शिपायांनी तेथे पाहिले. हॅवलॉकच्या म्हणण्याप्रमाणे लढाईचा निकाल दहा मिनिटांत लागला. आपल्या हुकूमनाम्यात त्याने विजयाचे श्रेय तोफखाना, गोऱ्यांच्या हातची एन्फील्ड, सैनिकांचे धैर्य आणि ईश्वरी कृपा यांना दिले.

पण रायफल म्हणजे काही देवाचे अस्त्र नव्हे. २२ मे १८५८ रोजी काल्पीच्या लढाईत रावसाहेब पेशवे आणि झाशीची राणी यांच्या फौजेने सर ह्यू रोझच्या छावणीवर जोराचा हल्ला चढवला. रोझने स्वतःच पुढे लिहिले, की उन्हाने काडतुसे बिघडून रायफली भरणे कठीण झाले होते आणि नेमाचा भरवसा उरला नव्हता. ऐन वेळी उंटावरच्या तुकडीने येऊन संगिनींचा हल्ला केला म्हणून डाव सावरला.

उठाव मोडला. मग सरकारने काय केले, ते नीट ऐका. १८५८ साली देशी पलटणींसाठी बंदुकीचा एक नवा नमुना निघाला. बाहेरून तो हुबेहूब एन्फील्ड; आत मात्र आटे नाहीत. भोक मोठे, नळी गुळगुळीत, आणि लांबचा नेम धरण्याची वरखाली होणारी पट्टीही काढलेली. तोफखाना तर देशी सैन्याकडून जवळजवळ सगळाच काढून घेतला. शिपाई पगारावर ठेवायचा, पण त्याची गोळी गोऱ्या शिपायाच्या गोळीइतकी लांब जाऊ द्यायची नाही, असे हे धोरण होते.

हे धोरण पुढेही टिकले. १८६८ साली मुंबई बंदरातून निघालेल्या फौजेने ॲबिसीनियात लढाई केली. गोऱ्या शिपायांजवळ मागून भरण्याची नवी स्नायडर रायफल होती; १० एप्रिलच्या आरोगीच्या लढाईत पंजाब पायोनियर्सजवळ ठासणीच्या गुळगुळीत बंदुका होत्या, आणि त्यांना संगिनींनी लढावे लागले. २७ जुलै १८८० रोजी अफगाणिस्तानात मैवंद येथे सुमारे अडीच हजारांच्या फौजेतले साडेनऊशेंवर लोक पडले. तेथे गोऱ्या सहासष्टाव्या पलटणीजवळ मार्टिनी-हेन्री होती, आणि शेजारीच उभ्या असलेल्या मुंबई लष्कराच्या ग्रेनेडियर व जेकब रायफल्स पलटणींजवळ एक पिढी जुनी स्नायडर. पराभवाची कारणे आणखी होती, शत्रूच्या तोफा भारी होत्या. पण मरण सारखे आणि हत्यार मात्र निराळे, ही गोष्ट खरी.

१९१४ साली जर्मनीशी गाठ पडली, तेव्हा गोष्ट बदलणे भाग पडले. फ्रान्समधील मार्सेय बंदरात उतरलेल्या हिंदी फौजेच्या रायफली जमा करून तिला नव्या नमुन्याची ली-एन्फील्ड देण्यात आली. संकट सरकारच्या दाराशी आले तेव्हा शिपायावर हा विश्वास ठेवला गेला. उठावानंतर तोवर सत्तावन वर्षे लोटली होती.

तेव्हा गुरुजी, पुढच्या वेळी तो ठरलेला प्रश्न आला, की मुलांना काडतुसाबरोबर नळीचीही गोष्ट सांगा. जवळपासच्या संग्रहालयात जुन्या बंदुका असतील, तर मुलांना तेथे घेऊन जा. नळीत आटे आहेत की नाहीत ते त्यांना विचारा, आणि नसतील तर ती बंदूक कोणासाठी केली असेल, याचा विचार त्यांनाच करू द्या.