सागरगोटा का तापतो?

डोंबिवली-कल्याणच्या नर्सऱ्यांच्या पत्रकांवर ‘माँटेसरी साधने’ हे शब्द हमखास ठळक दिसतात. फीही त्याच तोलामोलाची. या साधनांचं कूळ मात्र श्रीमंतांघरचं नाही. सेगँ या फ्रेंच डॉक्टरने गतिमंद मुलांसाठी केलेली उपकरणं मारिया माँटेसरींनी सुधारली आणि १९०७ साली रोमच्या सान लोरेंझो वस्तीत, मजुरांच्या पोरांपुढे मांडली.

त्यांतला दट्ट्यांचा ठोकळा बघावा. दहा खाचा, कमीजास्त मापाचे दहा दट्टे. एक चुकीच्या खाचेत गेला की शेवटी कुठला तरी बसायचा राहतोच. बाईंना ‘चुकलं’ म्हणावं लागत नाही. फक्त उत्तर एकच, आणि तेही सुताराने आधीच कोरून ठेवलेलं.

भावनगरला बालशिक्षणतज्ज्ञ गिजुभाई बधेकांच्या जोडीने ताराबाई मोडकांनी ही पद्धत आपल्याकडे रुजवली. १९२६ साली नूतन बालशिक्षण संघ निघाला. १९४५ मध्ये ताराबाई बोर्डीला आल्या. बोर्डी तेव्हा ठाणे जिल्ह्यात, आता पालघरमध्ये. दलित वस्तीतली मुलं बालवाडीकडे फिरकेनात, तेव्हा ताराबाई आणि त्यांच्या सहकारी अनुताई वाघ बालवाडीच त्यांच्या अंगणात घेऊन गेल्या. तिथे लाकडी ठोकळे परवडणार कुठून? शिंपले, गोटे, पानं, बिया कामाला आल्या. पुढे कोसबाडच्या टेकडीवर वारली मुलांसाठीही तेच; गुरं राखणाऱ्यांसाठी तर शाळा कुरणात भरली.

याला सगळे काटकसर म्हणतात. मला ती साधनांची बढती वाटते. चार वर्षांच्या पोरांपुढे मूठभर बिया टाका. कुणी रंगाने लावेल, कुणी आकाराने, कुणी पाण्यात टाकून तरंगणाऱ्या वेगळ्या काढेल. आणि सागरगोटा फरशीवर खसाखसा घासून शेजारच्याच्या दंडाला चटका देणारं एखादं कार्टं निघतंच. त्याला दटावण्याआधी ‘का रे तापला?’ एवढं विचारावं. मग चिंचोका घासून होतो, खडा होतो, लाकडाचा तुकडा होतो; कुठला जास्त तापतो यावरून भांडणही होतं. ठोकळ्याच्या खाचेत या भांडणाला जागाच नव्हती.

१९७५ साली केंद्राची एकात्मिक बालविकास योजना ३३ प्रकल्पांनिशी सुरू झाली आणि अंगणात भरणाऱ्या त्या बालवाडीचं ‘अंगणवाडी’ हे नाव देशभर पोचलं. सोबत आहार, वजनं, लसीकरण आणि नोंदवह्याही आल्या. बियांसाठी अंगणवाडीच्या ताईंना वेळ मिळतो तो यांतून उरेल तेवढा.